खबरदारी म्हणून देव?
गोपाळ गणेश आगरकर यांच्या जीवनावरून एक चिंतन



पावसाळा तोंडावर आला की आपल्या मावळात खबरदारीची कामे सुरू होतात. घरे शाकारली जातात, पत्र्यांवर दगड ठेवले जातात, सरपण आत घेतले जाते. एमआयडीसीत पाळीला जाणारी मंडळी रेनकोट काढून ठेवतात. कोणी विम्याचा राहिलेला हप्ता भरून टाकतो. यात वावगे काही नाही. शहाणा माणूस संकट येण्याआधी तयारी करतो.

अलीकडेच नवलाख उंबऱ्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी एक मालट्रक उभा होता. बंपरला लिंबू-मिरची बांधलेली होती. काचेच्या आत गणपती होता, साईबाबा होते, ७८६ चा आकडा होता आणि एका कोपऱ्यात आपला लहानसा क्रूसही होता. मी चालकाला सहज विचारले की यांपैकी तुझा देव कोणता? तो हसला. घाटात गाडी उतरवायची असते, कोण कधी उपयोगी पडेल ते सांगता येत नाही, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला आणि निघून गेला. मीही हसलो. पण चर्चमध्ये परत आल्यावर मनात आले की आपल्यापैकी किती जणांची श्रद्धा याहून वेगळी आहे?

हाच प्रश्न मला पूर्वीच्या एका धर्मग्रामात फार गंभीरपणे विचारला गेला होता. एका भगिनीचे सासरे अंथरुणाला खिळले होते. बालपणी त्यांचा स्नानसंस्कार झाला होता, पण तरुणपणापासून त्यांनी देवावरचा विश्वास सोडला होता आणि तसे ते उघडपणे सांगत. भगिनी मला म्हणाली की ते झोपेत असताना येऊन आजाऱ्यांचे तेल लावून जा. त्यांना कळणारही नाही. देव नसेल तर काही बिघडत नाही आणि असेल तर त्यांचे भले होईल. खबरदारी घेण्यात आपले काय जाते?

तिच्या बोलण्यात प्रेम होते. म्हणूनच उत्तर देणे अवघड होते. त्या दिवशी मी तिला काय सांगितले ते शेवटी लिहितो. त्याआधी एका माणसाचे चरित्र सांगायचे आहे. देवाच्या बाबतीत खबरदारी घ्यायचे त्याने आयुष्यभर नाकारले. येत्या १७ जूनला त्याची पुण्यतिथी आहे. तो म्हणजे पुण्याचे थोर समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर. एका नास्तिक म्हणवल्या गेलेल्या माणसाविषयी धर्मगुरूने चर्चच्या पत्रकात का लिहावे, असे काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

एका सदऱ्याचा विद्यार्थी

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. आजोळच्या आधाराने कराडला शिक्षण सुरू झाले, पण पैशाअभावी ते पुन्हा पुन्हा तुटत गेले. पोरवयातच त्यांना मामलेदार कचेरीत लेखणी धरावी लागली. काही काळ त्यांनी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. पुढे शिकायला मिळेल या आशेने ते रत्नागिरीला पायी गेले. तिथे काही जमले नाही म्हणून परत आले. शेवटी वऱ्हाडात अकोल्याला त्यांची सोय लागली. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरुजन त्यांना लाभले आणि १८७५ साली ते मॅट्रिक झाले.

मग पुण्याचे डेक्कन कॉलेज. तेथील एक आठवण अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. त्यांच्याजवळ अंगात घालायला एकच सदरा होता. रात्री तो धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे. निबंधांची बक्षिसे आणि शिष्यवृत्ती यांवर त्यांनी शिक्षण पार पाडले. इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन ते एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. झालेल्या माणसासाठी सरकारी नोकरीचे आणि मोठ्या पगाराचे दार उघडे असे.

घरी आई वाट पाहत होती. मुलगा मोठा हुद्देदार होईल, मग आपले पांग फिटतील, अशी तिची स्वाभाविक अपेक्षा होती. आगरकरांनी तिला पत्र लिहून कळवले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरते मिळाले की मी समाधान मानीन आणि माझा वेळ लोकांच्या हितासाठी खर्च करीन. हे पत्र महाराष्ट्रात फार प्रसिद्ध आहे. ज्याने भूक स्वतः अनुभवली होती, त्याने भूक परत येण्याची शक्यता पत्करून हे लिहिले. आपल्या मुलाने असे पत्र पाठवले तर आपल्याला काय वाटेल, याचा आई-वडिलांनी थोडा विचार करून पाहावा.

शाळा, तुरुंग आणि सुधारक

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. टिळक हे आगरकरांचे डेक्कन कॉलेजमधले मित्र. शिक्षण संपताच आगरकर तुटपुंज्या पगारावर या शाळेत आले. १८८१ च्या जानेवारीत केसरी निघाला आणि त्याचे संपादकपद आगरकरांकडे आले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर केलेल्या टीकेमुळे अब्रूनुकसानीचा खटला झाला आणि टिळक-आगरकर दोघांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात जावे लागले. तिथे त्यांनी १०१ दिवस काढले. एकाच कोठडीत दोघे मित्र देशाविषयी, समाजाविषयी बोलत बसत. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे एक पुस्तकही लिहिले.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. आगरकर त्यांच्या संस्थापकांपैकी एक. आपला पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला, तो हाच काळ.

पण मित्रांमध्ये मतभेद वाढत गेले. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, हा वाद होता. आगरकरांना वाटे की ज्या घरात आठ वर्षांच्या मुलीचे लग्न होते आणि बारा वर्षांच्या विधवेचे केस भादरले जातात, त्या घरातील अन्याय दूर करायला परक्याचे राज्य जाण्याची वाट पाहायची गरज नाही. १८८७ साली त्यांनी केसरी सोडला. १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचे सुधारक हे पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्यावे, बालविवाह थांबावेत, विधवांना माणसासारखे जगू द्यावे, जातिभेद जावेत, असे ते आठवड्यामागून आठवडा लिहीत राहिले. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला. त्याने मुलीच्या बाबतीत दहाची मर्यादा बारा वर्षांपर्यंत नेली. आज ऐकूनही अंगावर काटा येतो. पण तेव्हा एवढ्यासाठीही पुण्यात रणकंदन माजले होते आणि आगरकर कायद्याच्या बाजूने उभे होते.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. सनातनी लोकांनी त्यांची खोटी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहणे त्यांच्या नशिबी आले. तरी त्यांची लेखणी थांबली नाही.

त्यांनी काय नाकारले?

आगरकरांनी धर्माच्या नावाने चालणाऱ्या अनेक गोष्टी नाकारल्या. त्याहीपुढे जाऊन, या जगाच्या मुळाशी काय आहे हे माणसाच्या बुद्धीला कळू शकत नाही, असे त्यांचे मत होते. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला होता. अशा मताला अज्ञेयवाद म्हणतात. देव नाही असे सिद्ध करून दाखवल्याचा दावा अज्ञेयवादी करत नाही. मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते माहीत असल्याचे सोंग मी करणार नाही, एवढेच तो म्हणतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चांगले वागण्यासाठी स्वर्गाचे आमिष किंवा नरकाची भीती लागू नये, असे ते मानत. माणसाचे दुःख कमी होते म्हणून चांगले करायचे. त्याचे फळ मेल्यानंतर मिळो वा न मिळो.

घरात मात्र त्यांनी आपली मते लादली नाहीत. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांच्या श्रद्धेवर या बुद्धिवादी माणसाने घरात जबरदस्ती केली नाही. दुसऱ्याच्या विवेकाचा मान राखणे ही गोष्ट आपल्यातील अनेक धार्मिक घरांतही दिसत नाही, हे मी धर्मगुरू म्हणून सांगू शकतो.

याच काळातली पुण्याची एक घटना इथे आठवते. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद येथील ख्रिस्ती मिशनच्या घरी एक सभा झाली. तिथे पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले असे मोठे लोक तिथे होते. मग उपस्थितांची नावे छापली गेली आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे रानड्यांसारख्यांनी प्रायश्चित्त घेतले. चहा पिणे हे पाप आहे असे त्यांना वाटत नव्हते. आपल्यामुळे मित्रांची आणि कुटुंबीयांची कुचंबणा होऊ नये, एवढाच हेतू होता. तो हेतू दयाळू होता आणि त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण मनाला न पटलेला विधी खबरदारी म्हणून करण्याचा मोह किती मोठ्या माणसांना होऊ शकतो, हे यावरून दिसते. आगरकरांची वाट वेगळी होती. मनात असेल ते बोलावे आणि बोललो तसे वागावे, हाच त्यांचा धर्म होता.

पास्कालची पैज

आता थोडे दूर जाऊ या. त्या भगिनीने माझ्यापुढे जो विचार मांडला होता, तो मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एका मोठ्या माणसाच्या नावाने वाचला होता. तो म्हणजे फ्रान्सचा ब्लेझ पास्काल. जन्म १६२३, मृत्यू १६६२. आगरकर अडतीसाव्या वर्षी गेले, पास्काल एकोणचाळिसाव्या. दोघांनाही आजाराने तरुणपणापासून पोखरले होते. दोघांपेक्षा आज माझेच वय जास्त आहे, हे लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

पास्काल हा असामान्य गणिती होता. वडिलांना करांचे हिशेब करावे लागत म्हणून त्याने विशीच्या आतच आकडेमोड करणारे यंत्र बनवायला घेतले. १६५४ साली फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करताना त्याने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. आजचा विम्याचा हप्ता ज्या गणितावर ठरतो, त्याची ती सुरुवात.

त्याच्या मृत्यूनंतर १६७० साली त्याची विखुरलेली टिपणे पुस्तकरूपाने छापली गेली. त्यांत हा पैजेचा विचार आहे. तो साधारण असा. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही. पण जगायचे तर आहेच, म्हणजे कुठल्या तरी एका बाजूने पैज लावावीच लागते. देव आहे असे धरून जगलात आणि तो निघाला, तर अनंत सुख मिळेल. नाही निघाला, तर गमावण्यासारखे फारसे काही नाही. मग शहाण्याने कोणत्या बाजूने पैज लावावी?

हा विचार एकट्या पास्कालचा नव्हे. परलोक नसेल तर आमचे काही बिघडत नाही, असेल तर नास्तिकाची मात्र धडगत नाही, असा अर्थ संस्कृत सुभाषितांतही आढळतो. थोडक्यात, हा जगभरच्या व्यवहारी माणसाचा विचार आहे.

पण यात तीन अडचणी आहेत. पहिली अडचण त्या मालट्रकच्या काचेमागे दिसते. खबरदारीच घ्यायची तर कोणत्या देवाची? सर्वांचीच घ्यावी लागेल आणि सर्वांना थोडे थोडे देऊन कोणालाच पूर्ण काही द्यायचे नाही, असे होईल. दुसरी अडचण अशी की विश्वास हे विजेचे बटण नव्हे. फायदा आहे म्हणून मी रोज दहा वेळा सूर्य निळा आहे असे म्हटले, तरी माझा त्यावर विश्वास बसणार नाही. तिसरी अडचण सर्वांत मोठी. जो देव अंतःकरण पाहतो त्याला हा हिशेब दिसणार नाही का? एखादी सून केवळ घर नावावर व्हावे म्हणून सासूची सेवा करत असेल, तर ते सासूला कळत नाही असे नाही.

पास्कालला यातील दुसरी अडचण चांगली ठाऊक होती. म्हणूनच त्याने पुढे सुचवले की विश्वास बसत नसेल तर विश्वासणाऱ्यांसारखे वागायला लागा. चर्चमध्ये जा, प्रार्थना करा, आपल्या वासना आवरा. हळूहळू मन मोकळे होईल. मौजमजेत आणि जुगारात रमलेल्या, देवाचा विचारच न करणाऱ्या मित्रांना जागे करण्यासाठी ही पैज होती. ते घराचे दार होते, घर नव्हते.

आणि पास्काल स्वतः या दाराने आत आलाच नव्हता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास त्याला देवाच्या सान्निध्याचा असा अनुभव आला की त्याने तो एका कागदावर लिहून ठेवला. त्याची प्रत तो अंगरख्याच्या अस्तरात शिवून जवळ बाळगत असे. मेल्यानंतर नोकराला ती सापडली. आयुष्याच्या शेवटी त्याने एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात ठेवून घेतले होते. त्यांच्या मुलाला देवी आल्या तेव्हा त्या आजारी मुलाला हलवण्याऐवजी पास्काल स्वतःच घर सोडून बहिणीकडे राहायला गेला आणि तिथेच त्याचे निधन झाले. केवळ हिशेबाने चालणारा माणूस असे वागत नाही.

वीस रुपये

आता पुन्हा पुण्याला येऊ या. १८९२ साली वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण दम्याने शरीर पोखरले होते. रात्र रात्र श्वास लागत असे. आपण फार दिवस जगणार नाही, याची जाणीव त्यांना होती. अशा वेळी माणसाचे मन कसे होते, ते मी अनेक अंथरुणांपाशी बसून पाहिले आहे. बोलघेवडा माणूसही अशा रात्री छताकडे पाहत राहतो. त्या वेळी आगरकरांना थोडी खबरदारी घेणे किती सोपे होते! एखादे प्रायश्चित्त, एखादा विधी, विरोधकांना समाधान वाटेल असा एखादा शब्द. त्यांच्या मते त्यात काही तथ्य नसेल, तर जाणार काय होते?

त्यांनी तसे काही केले नाही. पण एक खबरदारी मात्र त्यांनी घेतली होती, असे सांगतात. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून वीस रुपये पुरचुंडीत बांधून वेगळे ठेवले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, हा माणूस गेला. ज्या मित्राशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले होते, त्या टिळकांना केसरीतील मृत्युलेख लिहिताना अश्रू आवरले नाहीत, अशी आठवण सांगितली जाते.

मला ती वीस रुपयांची पुरचुंडी विसरता येत नाही. मरणाच्या दारात या माणसाने स्वतःसाठी काही राखून ठेवले नाही. दुसऱ्याला त्रास होऊ नये एवढेच त्याने पाहिले.

आपल्यासाठी काय?

बंधू-भगिनींनो, आगरकर बरोबर होते आणि आपण चुकीचे आहोत, असे मी म्हणत नाही. देव आपल्याला भेटला आहे, तो प्रभू येशूच्या रूपाने आपल्याजवळ आला आहे, ही माझी श्रद्धा आहे आणि मी तिच्यावर माझे आयुष्य टाकले आहे. आगरकरांना ओढूनताणून आपल्या कळपात आणण्याचीही माझी इच्छा नाही. त्यांना ते आवडले नसते. त्यांचा न्याय प्रभूच्या हाती आहे.

पण प्रभूने सांगितलेल्या दोन कथा मला त्यांच्याविषयी विचार करताना आठवतात. एक मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन मुलांची. बापाने मळ्यात जायला सांगितले तेव्हा एकाने नाही म्हटले आणि नंतर तो गेला. दुसऱ्याने गोड शब्दांत हो म्हटले आणि तो गेलाच नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, असे प्रभूने विचारले. विधवा, लहान मुली, अडाणी ठेवलेली लेकरे हा पुण्यातला मळा होता. तिथे घाम गाळणाऱ्यांत नाही म्हणणारा हा मुलगा होता.

दुसरी कथा रुपयांची. मालकाने दौऱ्यावर जाताना तीन चाकरांकडे धन सोपवले. दोघांनी ते वापरले आणि वाढवले. तिसऱ्याने ते जमिनीत पुरून ठेवले. का? मालक कडक आहे, उगाच धोका नको, म्हणून. म्हणजे तो खबरदार माणूस होता! त्याने काही चोरले नाही, काही उधळले नाही. तरीही मालक त्याच्यावरच रागावला. खबरदारी म्हणून ठेवलेली श्रद्धा ही अशी पुरून ठेवलेली थैली आहे. रविवारची मिस्सा चुकवायची नाही, वर्षातून एकदा पापनिवेदन करायचे, घरावर आशीर्वाद घ्यायचा, गाडीत जपमाळ टांगायची. आणि शेजाऱ्याशी बांधावरून दहा वर्षे अबोला तसाच ठेवायचा.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात शिकवले की ज्यांना स्वतःच्या दोषाविना देवाची स्पष्ट ओळख झालेली नाही, पण जे चांगले जगण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही देव आपले साहाय्य नाकारत नाही. १९६५ च्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात परिषद आणखी एक कटू सत्य बोलली. लोक देवापासून दूर जातात याला श्रद्धावंतही काही अंशी जबाबदार असतात, कारण आपल्या वागण्याने आपण देवाचे खरे रूप झाकून टाकतो. आगरकरांच्या डोळ्यांसमोर जो धर्म होता तो लहान मुलींना रडवणारा होता. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर आज कोणता धर्म आहे? देव म्हणजे हप्ता चुकला की दंड लावणारी विमा कंपनी, हेच चित्र त्यांना आपल्याकडून मिळत असेल, तर ती कॉलेजात गेल्यावर पॉलिसी बंद करतील. मग त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

मग खबरदारीने देवाकडे येणे अगदीच व्यर्थ आहे का? तसे मला वाटत नाही. उधळ्या पुत्राला घरची आठवण भुकेने झाली होती. बापावरचे प्रेम त्याला नंतर कळले. आजाराच्या, नोकरी जाण्याच्या, मरणाच्या भीतीने कोणी चर्चच्या पायरीवर आला, तर मी त्याला परत पाठवणार नाही. भीती आपल्याला दारापर्यंत आणू शकते. पण तीस-चाळीस वर्षे दारातच उभे राहायचे, आत जेवण वाढलेले असताना, हे मात्र शहाणपणाचे नाही.

त्या भगिनीला दिलेले उत्तर

आता राहिलेली गोष्ट. त्या भगिनीला मी सांगितले की झोपेत तेल लावायला मी येणार नाही. ते जागे असताना मात्र नक्की येईन. हा संस्कार म्हणजे मंतरलेले तेल नव्हे. शुद्धीवर असताना ज्याने तो मागितला असता अशा बेशुद्ध आजाऱ्याला ख्रिस्तसभा आनंदाने तेल लावते. पण ज्याने समजून-उमजून नको म्हटले आहे, त्याला चोरून लावत नाही. देव चोरपावलांनी कोणाच्या घरात शिरत नाही. तो दार ठोठावतो.

मी तीन वेळा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रेल्वेतल्या नोकरीच्या, संपाच्या, जुन्या मित्रांच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या भेटीत मी त्यांना स्पष्ट विचारले. त्यांनी शांतपणे नाही म्हटले आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितले. तिसऱ्या भेटीत मी विचारले नाही. निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. काही दिवसांनी ते गेले. त्या हाताचा अर्थ मला आजही ठाऊक नाही. ती भगिनी माझ्यावर काही काळ नाराज होती, आणि रात्री कधीकधी मीही स्वतःला विचारले आहे की आपण कठोर तर झालो नाही ना. दरवर्षी मृतांच्या स्मरणदिनी मी त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. मात्र ज्या देवाची मी सेवा करतो, तो तेलाच्या थेंबांचा हिशेब करून माणसाला आत किंवा बाहेर ठेवणारा आहे, असे मला वाटत नाही.

जून हा येशूच्या पवित्र हृदयाचा महिना. ते हृदय उघडे आहे, त्याला जखम आहे. त्याने स्वतःसाठी कोणतीही खबरदारी घेतली नाही. या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. स्वर्ग आणि नरक दोन्ही नाहीत असे उद्या कळले, तर माझ्या रोजच्या वागण्यातले काय काय मी सोडून देईन? जे सोडून देईन ती खबरदारी होती. जे तरीही करत राहीन ते प्रेम होते. ते प्रेम थोडे असेल तर ते वाढवून मागू या.

प्रार्थना करू या : हे प्रभू, भीतीने आलो असलो तरी आम्हांला परत पाठवू नकोस. दारात उभ्या असलेल्या आम्हांला आत घे. ज्यांना तू अजून सापडला नाहीस पण जे तुझ्या लेकरांसाठी झिजतात, त्यांना आशीर्वाद दे. आणि त्यांच्यापुढे आम्हांला लाज वाटेल असे आमचे जगणे राहू देऊ नकोस. आमेन.

आपला,
धर्मगुरू